मागून येणारा ‘हो’

शिडीला सकाळी अंगात टी-शर्ट चढवायला सात मिनिटं लागायची. आधी उजवा हात टेबलावर आडवा ठेवायचा, त्याच्यावरून बाही सरकवत खांद्यापर्यंत न्यायची, मग डोकं घालायचं, आणि सगळ्यात शेवटी धडधाकट डावा हात. हा सगळा खटाटोप बाथरूमचं दार लावून, नळ सोडून चालायचा. बाहेर दोन पलंगांच्या खोलीत तिची खेळातली जोडीदारीण बुटांची नाडी बांधत बसलेली असायची आणि तिला यातलं काही म्हणता काही कळू द्यायचं नव्हतं.

शिडी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. सहावीत ती वर्गशिक्षकांच्या डोक्यावरून फळा वाचायला लागली तेव्हा ते चिकटलं, आणि बाप लिफ्ट दुरुस्त करायचा त्यामुळे पक्कं झालं. बाप लिफ्टवाला आणि पोरगी शिडी, म्हणजे या घरात जिन्याला कामच उरलं नाही, असं शेजारी म्हणायचे. आई शाळेचे गणवेश शिवायची. ती वर्षातून दोनदा पोरीच्या फ्रॉकची दुमड सोडायची, आणि एका वर्षी सोडायला दुमडच उरली नाही तेव्हा कपाळाला हात लावून बसली. गणिताचे सर म्हणाले की हिची अक्कल गुडघ्यात आहे. शिडी म्हणाली, माझे गुडघे तुमच्या टेबलाएवढे उंच आहेत सर, तेव्हा अक्कल काही फार खाली नाही. त्यासाठी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. तिथून तिला शाळेच्या व्हॉलीबॉलच्या मास्तरांनी पाहिलं आणि खांद्याला धरून थेट मैदानावर नेलं.

सहाजणींच्या संघात तिचं फारसं जमलं नाही. उंच होती, पण संथ होती, आणि बाकावर बसून बसून तिला बाकाच्या फळ्या पाठ झाल्या. मग मास्तरांनी तिला वाळूतल्या व्हॉलीबॉलवर आणलं. तिथे एका बाजूला दोघीच खेळतात. बदली खेळाडू नाही, मॅच चालू असताना प्रशिक्षकाने बाहेरून चकार शब्द काढायचा नाही, थकलात तर थकलात. जाळ्यापाशी उभं राहून समोरचीचा फटका अडवायचं काम उंच पोरीचं. मागची सगळी वाळू दुसरीची. ही दुसरी म्हणजे खारू. बुटकी, तरतरीत, कुठेही पडलेला चेंडू धावत जाऊन उचलणारी. पहिल्या दिवशी ती शिडीच्या कमरेला लागली आणि म्हणाली, “बरं झालं, मला सावली मिळाली.” त्याला अकरा वर्षं झाली होती.

लोकांना वाटतं या धंद्यात मजाच मजा आहे. समुद्र, ऊन, गॉगल, आणि वर पैसे. अशा लोकांना एकदा भर दुपारी अनवाणी त्या वाळूत उभं करावं. दुसऱ्या मिनिटाला तळव्यांना चटके बसून ती माणसं नाचायला लागतील. समुद्र तर निम्म्या स्पर्धांना नसायचाच. कुठल्या तरी शहरात गाड्या उभ्या करायच्या जागेवर ट्रकांनी वाळू ओतायची, भोवती लोखंडी पायऱ्या उभ्या करायच्या, आणि चार दिवसांनी सगळं भरून न्यायचं. वाळू मात्र शिडीबरोबर घरी यायची. कानात, पिशवीच्या शिवणीत, पुस्तकाच्या पानांत. आईचं कपडे धुवायचं मशीन दोनदा त्या वाळूने बंद पडलं. तेव्हापासून शिडीचे कपडे आई आधी गच्चीवर झटकायची, आणि बडबडायची की पोरीने आजवर घरी काही आणलं असेल तर ते एवढंच.

हे तितकंसं खरं नव्हतं. दोन छोटी पदकं होती, एका मोठ्या स्पर्धेतला तिसरा क्रमांक होता. पण पहिला कधीच नाही. वर्षाला सतरा-अठरा गावं, दर गावी पात्रता फेरी, कधी दुसऱ्या दिवशी घरी तर कधी चौथ्या. मध्ये एक जण आला होता, जहाजांवर विजेची कामं करणारा, स्वभावाने चांगला. त्याने तीन मोसम वाट पाहिली आणि मग बेकरीच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीशी लग्न केलं. शिडीने त्याला दोष दिला नाही. ती मुलगी निदान रोज संध्याकाळी एकाच पत्त्यावर सापडायची.

आता या खेळातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. खारू सर्व्हिस करायला मागे गेली की शिडी जाळ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि हात पाठीमागे घ्यायची. समोरच्यांना दिसणार नाही अशा बेताने बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे मी कडेच्या रेषेचा फटका अडवते, तू तिरपा बघ. दोन बोटं म्हणजे मी तिरपा अडवते, कड तुझी. मूठ म्हणजे मी अडवतच नाही, जाळं सोडून मागे येते, दोघी मिळून निभावू. खारू ते बघायची आणि मोठ्याने “हो” म्हणायची. मग सर्व्हिस. त्या एका शब्दावर दोघींनी अर्धी अर्धी वाळू वाटून घ्यायची, आणि दुसरीच्या वाट्याला जायचं नाही. अडवणारीच्या हातांमागे जाऊन उभं राहणं ही चूक शाळेतली पोरगीसुद्धा करत नाही. कारण तसं करायचं म्हणजे सरळ म्हणायचं की बाई, तुझ्या हातांवर माझा भरवसा नाही.

खांदा बिघडला तो मोसम सुरू व्हायच्या आधी, सरावात. कडकन आवाज वगैरे काही झाला नाही. एका सकाळी हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं की स्नायूची दोरी चारातले तीन हिस्से तुटली आहे. शस्त्रक्रिया केली तर केस विंचरता येतील, फळीवरचा डबा काढता येईल. शिडीने विचारलं, आणि खेळायचं? डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला आणि वय विचारलं. चौतीस, ती म्हणाली. मग ते म्हणाले की तुम्ही पुष्कळ खेळलात. शिडीला त्यांचा राग आला, आणि राग यायला कारण काहीच नव्हतं म्हणून जास्तच आला.

तिने दुखणं मारायचं इंजेक्शन घेतलं आणि खारूला काही सांगितलं नाही. एवढा एक मोसम, तिने स्वतःला बजावलं. या वर्षी दोघींच्या गुणांची बेरीज इतकी झाली होती की वर्षातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत त्यांना थेट जागा मिळत होती, आणि तिथे दोघी आजवर कधीच पोचल्या नव्हत्या. सांगितलं तर सगळं संपणार. न सांगितलं तर निदान तिथल्या वाळूत पाय तरी ठेवता येईल. म्हणून ती पाठीमागे मूठ दाखवायला लागली. आधी सेटमध्ये एखाददुसऱ्या वेळी, मग दर तिसऱ्या चेंडूला. समोरच्यांना चकवायचं म्हणून नवा डाव आहे, असं तिने खारूला सांगितलं. खारू प्रत्येक वेळी “हो” म्हणायची आणि उड्या घेत राहायची. तिच्या कोपरांची सालटी जायची. शिडीला ती दिसायची आणि ती दुसरीकडे बघायची.

असे चार महिने गेले. मग मास्तरांनी एक दिवस तिला बाजूला घेतलं. मास्तर आता थकले होते, पण त्यांच्या कानावर आलं नाही असं या खेळात काही घडत नसे. त्यांनी सांगितलं की एकवीस वर्षांची एक नवी पोरगी आहे, शिडीपेक्षाही बोटभर उंच, तिची जोडीदारीण परदेशी शिकायला गेली. त्या नवीने खारूला विचारलं होतं. गुण ज्याचे त्याच्या नावावर असतात, तेव्हा त्या दोघींनाही मोठ्या स्पर्धेत जागा मिळत होती. खारूने काय उत्तर दिलं, शिडीने विचारलं.

“माझी जोडी ठरलेली आहे म्हणाली.” मास्तरांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं, मग वाळूकडे. “झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी. पण त्यात दुसऱ्याचं काही धरलेलं असलं तर ते बघावं लागतं.”

सोमवारी दुपारी बारापर्यंत जोड्यांची नावं द्यायची होती. त्यानंतर बदल नाही. खारू एकतीस वर्षांची, तिचे गुडघेही काही नवे नव्हते. दोन मोसम, फार तर तीन. शिडी त्या रात्रीही झोपली, कारण थकलेल्या माणसाला झोप लागतेच, पण उठली ती अंग दुखतच.

रविवारी तिसऱ्या क्रमांकाची मॅच होती. तिसरा सेट, चौदा-तेरा, खारूची सर्व्हिस, आणि एक गुण हवा होता. शिडी जाळ्यापाशी गेली. समोर डावखुरी होती, तिचा सगळा जोर कडेच्या फटक्यावर. शिडीला वाटलं, निदान हा एक तरी अडवावा. मूठ नको. तिने पाठीमागे एक बोट दाखवलं.

“हो,” खारू म्हणाली.

सर्व्हिस गेली, समोरून चेंडू उचलला गेला, डावखुरी उडाली, शिडीही उडाली. डावा हात वर गेला. उजवा कानापाशी थांबला. चेंडू त्या रिकाम्या जागेतून सुसाट कडेच्या कोपऱ्याकडे निघाला, आणि त्या कोपऱ्यात कुणीही असायचं कारण नव्हतं. शिडी खाली यायच्या आत तिला मागे चेंडू मनगटांवर बसल्याचा धप्प आवाज आला. खारू तिथे होती. चेंडू सरळ वर चढला, शिडीने तो तसाच खालून उचलून दिला आणि खारूने हलकेच टपली मारून समोरच्या मोकळ्या वाळूत टाकला. मॅच जिंकली. भोंग्यावरचा माणूस ओरडून ओरडून सांगत होता की काय अंदाज, काय चपळाई. छोट्या चौथऱ्यावर उभं राहून शिडीने डाव्या हाताने लोकांना अभिवादन केलं. चेहऱ्यावर हसू होतं, पण नजर पुन्हा पुन्हा कडेच्या त्या कोपऱ्याकडे जात होती.

पायऱ्यांमागे पाय धुवायचा नळ होता. दोघी तिथे गेल्या तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं.

“तू कडेला काय करत होतीस?” शिडीने विचारलं.

“चुकले.”

“तू?”

खारूने एका पायावरची वाळू काढली, मग दुसऱ्या. नळ बंद केला.

“मी एक बोट दाखवलं. तू हो म्हणालीस.”

“म्हणाले.”

“कधीपासून हो म्हणतेस आणि उलटी उभी राहतेस?”

“मोसमाच्या पहिल्या स्पर्धेपासून.” खारूचा आवाज नेहमीसारखाच होता. “अकरा वर्षं मी तुझी पाठ बघतेय गं. तोंडाने तू मलाही फसवशील, पाठीला ते जमत नाही. उजवा खांदा दोन बोटं खाली आलाय. आणि रोज सकाळी सात मिनिटं नळ सोडून कोण तोंड धुतं?”

मग बोलली का नाहीस, असं शिडीने विचारलं. तू सांगशील म्हणून थांबले, खारू म्हणाली. पुढे म्हणाली की आता त्यात सांगण्यासारखं काही नाही, नावं दोघींचीच जाणार, मी मागची सगळी वाळू सांभाळते, तू फक्त जाळ्यापाशी उभी राहा. ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, आणि म्हणूनच शिडीला ते सहन झालं नाही. चार महिने ती समजत होती की आपण एकट्याने ओझं वाहतोय. ओझं तर त्या बुटकीच्या पाठीवर होतं. शिडीला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी नऊला ती संघटनेच्या कचेरीत गेली. तिथल्या बाई चष्म्याला साखळी लावून बसल्या होत्या. दुसरीचं नाव मागे घेता येत नाही, पण स्वतःचं घेता येतं, असा नियम होता, आणि त्याचा छापील अर्ज होता. शिडीने तो भरला. बाईंनी वाचला आणि विचारलं की दुखापत तात्पुरती की कायमची, तेवढं राहिलंय. शिडी त्या दोन चौकोनांकडे बघत राहिली. मागे एक माणूस खोकला.

“कायमची,” ती म्हणाली आणि खूण केली.

बाईंनी शिक्का मारला. एवढ्या वर्षांचं काम एका शिक्क्यात आटोपलं, आणि तोही थोडा फिका उठला म्हणून बाईंनी पुन्हा मारला. शिडीने बाहेर येऊन खारूला फोन केला, अर्ज दिल्याचं सांगितलं, बारा वाजायला अडीच तास आहेत, नवीचा नंबर मास्तरांकडे आहे, हेही सांगितलं. खारू म्हणाली, “मला न विचारता केलंस.” मग तिने फोन ठेवला आणि पुढे तीन आठवडे केला नाही. पण साडेअकराला तिचं आणि नवीचं नाव कचेरीत पोचलं होतं. मास्तरांनी तसं कळवलं.

घरी आईला काही सांगावं लागलं नाही. शिडी दोन दिवस पडून राहिली. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर तिच्या चार टी-शर्टांना पुढून उभं कापून बटणं लावलेली होती, डोक्यावरून घालायला नकोत म्हणून. आई म्हणाली की जुनी बटणं डब्यात नुसती पडून होती, आणि पुन्हा शिलाई मशीनवर बसली. शिडी तिच्या पाठीमागे उभी राहून थोडी रडली. आईने मशीन थांबवलं नाही, फक्त जरा हळू चालवलं.

मोठ्या स्पर्धेला ती गेली ती तिकीट काढून. मास्तरांनी पास देऊ केला होता, तिने घेतला नाही. लोखंडी पायऱ्यांवर, खारूच्या बाजूच्या टोकाला, पाचव्या ओळीत जागा मिळाली. तिथून पहिल्यांदाच तिला खारूला जे दिसायचं ते दिसलं. जाळ्यापाशी एक लांबलचक पाठ आणि तिच्यावर बांधल्यासारखे दोन हात. नवीचे खांदे सरळ रेषेत होते. इतके सरळ की शिडीला हेवा वाटला, अगदी उघड हेवा.

तिसऱ्याच चेंडूला नवीने एक बोट दाखवलं. खारू “हो” म्हणाली. नवी उडाली आणि तिचे दोन्ही हात जाळ्यावर भिंतीसारखे उभे राहिले. समोरचीने ती भिंत बघून चेंडू तिरपा मारला. तिरप्या बाजूला कोणीच नव्हतं. खारू कडेला उभी होती, नवीच्या हातांमागे. चेंडू वाळूत रुतला. नवी वळली आणि काही न कळून खारूकडे बघत राहिली. सहाव्या चेंडूला पुन्हा तेच झालं. आठव्याला पुन्हा.

चार महिन्यांत हे पायांत बसलं होतं. जिथे कुणी अडवणारं नाही तिथे धावत जायचं, दुसरीचं झाकायचं. हे आपण शिकवलंय, शिडीच्या मनात आलं, आणि आता ती ते इथे, या वाळूत घेऊन आली आहे, जिथे पोचायला तिला अकरा वर्षं लागली. बाजू बदलायच्या वेळी खारूने टॉवेलने तोंड पुसलं आणि पायऱ्यांकडे पाहिलं. पाचव्या ओळीत तिला उंच डोकं दिसलं. शिडीच्या ताडमाड देहाला गर्दीत लपायची सोय कधी नव्हतीच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खारूची नजर तिच्या उजव्या खांद्यावर गेली आणि तिथेच राहिली.

हा खांदा समोर दिसतोय तोवर तिचे पाय झाकायलाच धावणार, हे कळून शिडी उठली. लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत, माफ करा, माफ करा म्हणत खाली उतरली आणि लोखंडी पायऱ्यांच्या मागे गेली. तिथे एक सिमेंटचा कट्टा होता. ती कट्ट्यावर बसली, मैदानाकडे पाठ करून. समोर रस्ता होता, एक माणूस शिडी लावून दिव्याचा बल्ब बदलत होता. मागून सगळं ऐकू येत होतं. पंचांची शिट्टी, लोकांचा कालवा, वाळूत पडलेले पाय. एक गुण गेला. आणखी एक गेला. मग एक मिळाला. पुन्हा शिट्टी झाली आणि लोक थोडे गप्प झाले, सर्व्हिसच्या आधी होतात तसे. नवीने किती बोटं दाखवली ते तिला दिसायचं कारण नव्हतं.

“हो,” मागून आवाज आला.

अकरा वर्षं तो शब्द तिने असाच ऐकला होता, पाठीवर. शेवटचे चार महिने तो खोटा होता, तिच्यापायी खोटा होता. ती हलली नाही. सर्व्हिसचा आवाज झाला, समोरची उडाल्याचा हुंकार आला, आणि मग चेंडू दोन उंचावलेल्या हातांवर आदळून सरळ खाली वाळूत बसल्याचा तो कोरडा, जाड आवाज आला, जो शिडीला झोपेतही ओळखता आला असता. कडेला धावत गेलेले पाय या वेळी वाजले नाहीत. खारू तिच्या जागेवर होती.

शिडीने डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला आणि पुढच्या शिट्टीची वाट बघत बसली.